तोंड वेडंवाकडं करा, पंधरा सेकंद

सरकारी नियम रसग्रहणासाठी कोणी हाती घेत नाही, आणि बहुतेक नियमांची लायकीही तेवढीच असते. या सरसकट निकालाला मी एक अपवाद करतो. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेसाठी ‘ओशा’ नावाचं केंद्रीय खातं आहे. त्याच्या श्वसनरक्षणाच्या नियमाचा क्रमांक १९१०.१३४. त्या नियमाला जोडलेलं ‘परिशिष्ट अ’ हा माझा अपवाद. १९९८ साली हा नियम नव्यानं लिहिला गेला आणि परिशिष्टाचा गाभा तेव्हापासून तोच आहे. विषय एवढाच, की कामगाराच्या चेहऱ्यावर मास्क नीट बसतो की नाही हे तपासायचं कसं. क्षयाच्या वॉर्डातली नर्स, दगड कापताना उडणाऱ्या धुळीत उभा असलेला मजूर, मोटारीला फवाऱ्यानं रंग देणारा, जुन्या इमारतींतलं ॲस्बेस्टॉस खरवडणारा, अशा कोणालाही तिथे घट्ट बसणारा मास्क लावून काम करायचं असेल तर आधी या परीक्षेतून जावं लागतं. परीक्षेचं नाव फिट टेस्ट.

आपल्याकडे २०२० मध्ये एन-९५ हे नाव घरोघरी पोचलं आणि सगळ्यांनी एकच आकडा पाठ केला, पंच्याण्णव टक्के. हा आकडा गाळणीचा आहे. मायक्रोमीटरच्याही अंशाएवढे काही कण गाळणीतून सगळ्यात सहज निसटतात, आणि तसल्या कणांपैकीही किमान ९५ टक्के हा तंतूंचा थर अडवतो. त्यासाठी तंतूंना विद्युतभार दिलेला असतो. हे सगळं कारखान्यात मोजून, तपासून झालेलं असतं. पण गाळणीतून जायला हवेला जोर लागतो. नाकाच्या हाडाशेजारी किंवा हनुवटीखाली बारीकशी फट सापडली तर हवा तोच रस्ता धरते, आणि धूळ किंवा जंतू घेऊनच आत येते. म्हणजे मास्क किती चांगला हे कारखान्याला सांगता येतं. तो या माणसावर किती चांगला हे मात्र त्या माणसाला समोर उभं करूनच पाहावं लागतं. परिशिष्ट नेमकं इथे सुरू होतं.

त्याची घडण नाटकाच्या संहितेची आहे. पात्रं दोन, परीक्षक आणि परीक्षार्थी. रंगसाहित्याची यादी आहे, कोणी कधी काय बोलायचं ते आहे, हालचाली आहेत आणि त्यांचा वेळ सेकंदांत दिलेला आहे. मला हे लेखन आवडतं ते त्यातल्या संशयामुळे. लेखकांनी मास्कवर संशय घेतला आहे, तो घालणाऱ्यावर घेतला आहे, परीक्षकावर घेतला आहे, परीक्षेच्या उपकरणांवरही घेतला आहे. आणि तरी कुठे कोणाचा अपमान होऊ दिलेला नाही.

सुरुवातच पाहा. पहिली सूचना अशी, की परीक्षार्थीला पुरेशा प्रकारांतून आणि मापांतून आपल्याला सगळ्यात मानवेल तो मास्क निवडू द्यावा. मास्क मालकाच्या पैशाचा, नियम सरकारचा, पण पहिली निवड ज्याच्या नाकावर तो बसणार त्याची. खोलीत आरसा हवा, असं स्पष्ट लिहिलं आहे. निवडलेला मास्क निदान पाच मिनिटं घालून ठेवायचा आणि मग काही गोष्टी विचारायच्या: नाकावर कुठे टेकतो, डोळ्यांच्या संरक्षक चष्म्याला जागा राहते का, गालांवर कसा बसतो, बोलायला जागा आहे का. हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कामावरचा माणूस बोलणारच. ज्याला मास्कमध्ये बोलता येत नाही तो दर दहा मिनिटांनी मास्क खाली ओढून बोलेल, आणि मग पुढची सगळी परीक्षा पाण्यात. लेखकांनी हे कुठे स्पष्ट करून सांगितलेलं नाही. प्रश्न यादीत घातला आणि पुढे गेले.

त्याच भागात मास्क बसला की नाही हे पाहण्याच्या कसोट्या आहेत. हनुवटी जागेवर, मास्कचं माप नाकापासून हनुवटीपर्यंत पुरणारं, मास्क घसरतो का, आणि पट्ट्यांचा ताण पुरेसा पण अती आवळलेला नको. आपली सहजबुद्धी याच्या नेमकी उलट चालते. मास्क गळतोय असं वाटलं की माणूस पट्टा आवळतो. आवळलेला मास्क एका बाजूनं दबतो, दुसऱ्या बाजूनं उचलला जातो आणि तासाभरात नको होतो. तीच गत नाकावरच्या धातूच्या पट्टीची. एका हाताच्या चिमटीत ती दाबली की मधोमध टोक येतं आणि दोन्ही अंगांना बोगदे तयार होतात. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्यायची असते. कोविडच्या काळात आपल्याकडच्या किती नाकांवर ही टोकं दिसली, ते आठवून पाहावं.

आता चवीचा प्रवेश. साधी फिट टेस्ट माणसाच्या जिभेवर किंवा नाकावर चालते. मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर समोरून पारदर्शक असा टोप चढवतात, अंदाजे बारा इंच व्यासाचा, चौदा इंच उंच. नाकातोंडासमोर पाऊण इंचाचं भोक, आणि त्या भोकातून हातानं दाबायच्या नेब्युलायझरनं सॅकरिनचे तुषार सोडतात. मास्क गळत असेल तर गोड लागेल. गोड लागलं की नापास.

इथे कोणीही शहाणा माणूस विचारेल, की ज्याला सॅकरिनची चवच कळत नाही तो तर दर वेळी पास होईल. लेखकांनी हा प्रश्न आधीच विचारून ठेवला आहे. म्हणून मास्क लावण्यापूर्वी, नुसताच टोप घालून, जिभेची परीक्षा होते. तोंड किंचित उघडं, जीभ बाहेर. सौम्य द्रावणाचे दहा दाब. गोड लागलं? नाही? आणखी दहा. अजून नाही? आणखी दहा. तीस दाबांनंतरही गोड लागलं नाही तर या माणसाची परीक्षा सॅकरिननं घ्यायचीच नाही, दुसरा पदार्थ शोधायचा. साक्ष घेण्याआधी साक्षीदाराची नजर तपासण्याची ही रीत कित्येक न्यायालयांनाही जमलेली नाही. आणि त्याआधी पंधरा मिनिटं पाण्याखेरीज काही खायचंप्यायचं नाही, च्युइंगमही नाही. कारण नुकताच गोड चहा घेतलेल्या जिभेला इतकं पातळ सॅकरिन कळेलच असं नाही.

पण खरी गंमत द्रावणांच्या प्रमाणात आहे. जिभेच्या परीक्षेचं द्रावण: १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ०.८३ ग्रॅम सॅकरिन. मास्कच्या परीक्षेचं द्रावण: तेवढ्याच पाण्यात ८३ ग्रॅम. बरोबर शंभरपट. ज्या जिभेला शंभराव्या हिश्शाचं सॅकरिन ओळखता येतं हे आपण आत्ताच पाहिलं, ती शंभरपट तीव्र फवाऱ्यात उभी राहूनही गप्प असेल तर मास्कच्या आत बाहेरचा शंभरावा हिस्सासुद्धा पोचत नाही. यंत्र नाही, मापक नाही, वीज नाही. एका जिभेतून आकडा काढला. बाहेरचं प्रमाण भागिले आतलं प्रमाण, याला फिट फॅक्टर म्हणतात, आणि नाक-तोंड-हनुवटी झाकणाऱ्या मास्कला तो किमान शंभर लागतो. नेब्युलायझरच्या दाबांचाही हिशोब जिभेशी बांधलेला आहे. ज्याला दहा दाबांत चव कळली त्याच्या मास्कच्या परीक्षेलाही दहा, ज्याला वीस लागले त्याला वीस. आणि मग दर तीस सेकंदांनी त्याच्या निम्मे, कारण टोपातले तुषार विरत जातात. प्रत्येक जिभेला तिच्या ऐपतीप्रमाणे प्रश्नपत्रिका.

सॅकरिनचा इतिहास माहीत असलेल्याला इथे हसू येईल. १८७९ च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत काम करणारा कॉन्स्टंटिन फालबर्ग जेवायला बसला तेव्हा त्याला पाव गोड लागला. हातावर प्रयोगशाळेतलं रसायन राहिलं होतं. एका गळतीतून सापडलेला पदार्थ आज गळती शोधायला वापरतात. ज्यांना सॅकरिन चालत नाही त्यांच्यासाठी उलट्या टोकाची सोय आहे, बिट्रेक्स. १९५८ साली एडिंबराच्या एका औषध कंपनीत भूल देणाऱ्या औषधांवर काम करताना सापडलेला हा पदार्थ जगातल्या सगळ्यात कडू पदार्थांपैकी एक. लोकांनी पिऊ नये म्हणून स्पिरिटमध्ये आणि मुलांनी गिळू नयेत म्हणून घरगुती रसायनांत तो घालतात. कडू लागलं की माणूस लपवत नाही, तोंड आपोआप सांगतं. मला विचाराल तर सॅकरिनची आकडेमोड देखणी, पण बिट्रेक्सची साक्ष अधिक भरवशाची.

तिसरा प्रकार केळ्याच्या वासाचा. आयसोअमाइल ॲसिटेट हे द्रव पिकलेल्या केळ्यासारखं दरवळतं. एका मोठ्या पिंपाचं पारदर्शक प्लॅस्टिकचं अस्तर दोन फूट व्यासाच्या कड्यावर उलटं टांगून त्याचा तंबू करतात. छत माणसाच्या डोक्यापासून सहाएक इंच वर. आत आकड्याला अडकवायचा एक घडी केलेला कागदी रुमाल, त्यावर पाऊण मिलिलिटर द्रव. वास तंबूत सारखा पसरायला दोन मिनिटं लागतात. या दोन मिनिटांचं काय करायचं? परिशिष्ट सांगतं, की परीक्षार्थीशी बोलायला ही वेळ चांगली आहे. परीक्षा कशासाठी, त्याचं सहकार्य का महत्त्वाचं, हे त्याला समजावून सांगावं. सरकारी मजकुरात ‘आता थोडं बोला’ अशी सूचना मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

इथेही नाकाची आधी परीक्षा आहे. दोन बरण्या, एकीत किंचित वास, एकीत नुसतं पाणी. कोणत्या बरणीत काय ते सांगायचं. बरण्यांवरची लेबलं अधूनमधून काढून अदलाबदल करावी, असा बारीक सल्ला आहे, कारण रांगेतला पुढचा माणूस मागच्याच्या कानात ‘दोन नंबर’ असं कुजबुजणारच. लेखक कधीतरी कारखान्याच्या रांगेत उभे राहिले असावेत. पण या प्रवेशाचा कळस शेवटाला आहे. परीक्षार्थी सगळ्या हालचाली करून झाला, त्याला कुठेच केळ्याचा वास आला नाही, म्हणजे तो पास झाला. संपलं? नाही. आता त्यानं तंबूतून बाहेर पडण्याआधी स्वतःच्या हातानं मास्कची कड उचलायची आणि एक श्वास घ्यायचा. वास आलाच पाहिजे. तो आला, तरच आधीच्या शांततेला अर्थ. रुमालावर द्रव टाकायचं राहून गेलं असतं किंवा वासाला नाक एव्हाना सरावलं असतं, तर इतका वेळ जो निकाल लागत होता तो पोकळ ठरला असता. पास झालेल्या माणसाकडूनच परीक्षेची परीक्षा करवून घेणारं हे एक वाक्य माझ्या मते सबंध परिशिष्टातलं सगळ्यात कसदार.

चौथ्या प्रकाराबद्दल थोडक्यात. चुरचुरणारा धूर, स्टॅनिक क्लोराइडचा. मास्क गळाला तर खोकला येतो, आणि खोकला दाबता येत नाही, म्हणून खोटं बोलायला वाव नाही. पण दमट हवेत त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. त्याच देशातली संशोधन संस्था ‘नायोश’ तो वापरू नये असं म्हणते. ओशा अजून चालवून घेते. प्रामाणिकपणा मिळवायला माणसाच्या घशाला चटका देणं मला पटत नाही, आणि या लेखनाच्या एकंदर सभ्यतेत हा भाग विजोड दिसतो.

पदार्थ कोणताही असो, हालचालींची यादी एकच; एक अपवाद पुढे येईल. उभं राहून साधा श्वास. मग खोल, सावकाश श्वास. मग मान डावीकडून उजवीकडे, आणि दोन्ही टोकांना क्षणभर थांबून श्वास घ्यायचा. मग मान वर-खाली, छताकडे पाहताना श्वास. मग बोलणं. मग तोंड वेडंवाकडं करणं. मग पायाची बोटं शिवायची असल्यासारखं कमरेतून वाकणं. आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखा साधा श्वास. प्रत्येकी एक मिनिट. तोंड वेडंवाकडं करायला फक्त पंधरा सेकंद. एकदा सुरुवात झाली की मास्कला हात लावायचा नाही. लावला तर परीक्षा रद्द, पहिल्यापासून.

बोलण्याचं मिनिट मला वाचक म्हणून सगळ्यात जवळचं. परीक्षकाला स्पष्ट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं आणि सावकाश बोलायचं. काय बोलायचं याचे पर्याय दिले आहेत: छापील उतारा वाचावा, किंवा शंभरापासून उलटे आकडे मोजावेत, किंवा पाठ असलेली कविता अगर गाणं म्हणावं. छापील उतारा म्हणून परिशिष्टात ‘रेनबो पॅसेज’चा पहिला परिच्छेद दिला आहे. ग्रँट फेअरबँक्स हा वाणीशास्त्राचा अभ्यासक. त्यानं उच्चारांच्या सरावासाठी काढलेल्या १९४० च्या पुस्तकातून हा उतारा पुढे आला, आणि आजही अमेरिकेत बोलण्याचे दोष तपासताना तो वाचायला देतात. मजकूर निरुपद्रवी: पावसाच्या थेंबांतून ऊन जातं, इंद्रधनुष्य उमटतं, त्याची कमान क्षितिजापार जाते, तिच्या एका टोकाला सोन्याचा हंडा असतो अशी दंतकथा आहे, आणि तो शोधणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. सिलिकाच्या धुळीत कामाला जाणारा मजूर डोक्यावर टोप, तोंडावर मास्क अशा अवतारात हे संथपणे मोठ्यानं वाचतो. यातला विनोद लेखकांच्या लक्षात आला असेल का, मला नेहमी प्रश्न पडतो.

परीक्षेच्या दृष्टीनं उताऱ्याचा अर्थ बिनकामाचा. हवा आहे तो जबडा. ओठ मिटले, उघडले, हनुवटी खाली गेली, गाल ताणले, की मास्कची कड हलते. मग न्यू जर्सीतल्या एखाद्या इस्पितळात काम करणाऱ्या मराठी नर्सला मी कविता म्हणण्याचा पर्याय सुचवीन. शंभरापासून उलटे आकडे मराठीत मोजले तर शंभरानंतरचे नऊ आकडे एकाच चालीवर, एकाच शेपटावर संपतात. तोंड ठरावीक वळणानं फिरत राहतं. त्यापेक्षा लहानपणी पाठ झालेले ‘मनाचे श्लोक’ घ्यावेत. भुजंगप्रयात वृत्त, ओळीत बारा अक्षरं आणि त्यातली आठ गुरू. दीर्घ स्वर लांबवावे लागतात, जबडा उघडावाच लागतो, आणि चाल इतकी अंगवळणी पडलेली असते की मिनिटभर अडखळायला होत नाही. श्लोक २०५ आहेत, तेव्हा साठा संपण्याची भीती नाही. नियमानं ही मोकळीक दिली आहे. परीक्षकाला भाषा कळलीच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

मग ते पंधरा सेकंद. हसून किंवा कपाळाला आठ्या घालून तोंड वेडंवाकडं करावं, अशी सूचना. केंद्रीय कायद्यानं माणसाला वाकुल्या दाखवायला लावल्याचं हे उदाहरण एकमेव असेल. पण हा भाग चवीच्या आणि वासाच्या परीक्षेत वगळलेला आहे. फक्त यंत्रावरच्या परीक्षेत येतो. त्याचं कारण त्यामागच्या हेतूत आहे. बाकीच्या सगळ्या हालचाली मास्कनं सोसाव्यात अशी अपेक्षा असते; वाकुल्यांनी कड सुटणार हे गृहीतच धरलेलं आहे. प्रश्न असा, की चेहरा पूर्ववत झाल्यावर मास्क आपल्या जागी परत बसतो का? त्याचं उत्तर पुढच्या दोन हालचाली देतात, वाकणं आणि शेवटचा साधा श्वास. म्हणूनच पहिला साधा श्वास आणि शेवटचा साधा श्वास कागदावर एकसारखे असले तरी त्यांचं काम वेगळं आहे. पहिला नवा मास्क तपासतो. शेवटचा, कामावर कधीतरी शिंक आली, जांभई आली, मुकादमावर चिडून तोंड वाकडं झालं, त्यानंतरचा मास्क. जीभ साक्षीदार असेल तर हे जमत नाही, कारण एकदा गोड लागलं की ते तोंडात राहतं. यंत्राला असली आठवण नसते.

यंत्र म्हणजे कण मोजणारं. खोलीतल्या हवेत तसेही असंख्य सूक्ष्म कण तरंगतच असतात. यंत्र ती हवा अल्कोहोलच्या वाफेतून नेतं, अदृश्य कणांवर वाफ थिजून ते फुगतात आणि लेझरच्या झोतात मोजता येतात. एक नळी खोलीची हवा घेते, दुसरी मास्कच्या आतली. त्यासाठी एन-९५ सारख्या मास्कला भोक पाडून नळी बसवावी लागते, त्यामुळे परीक्षेला बसलेला मास्क पुन्हा वापरता येत नाही. कामावर जातो तो त्याच जातीचा, त्याच मापाचा दुसरा. परीक्षा दिली एकानं, नोकरी लागली भावाला. याला इलाज नाही, पण ते लक्षात असलेलं बरं.

यंत्राच्या आकड्यांची सरासरी काढण्याची रीत मात्र डोळे मिटून दाद द्यावी अशी आहे. वाकुल्यांचा आकडा वगळायचा. तो मुद्दाम बिघडवलेला असतो. उरल्या सात हालचाली. समजा चांगल्या गाळणीचा रबरी मास्क आहे, सहा हालचालींत फिट फॅक्टर प्रत्येकी १००० आला आणि बोलताना एकदाच घसरून १० झाला. शाळेतली सरासरी काढली तर साधारण ८५९ येते, म्हणजे झकास पास. परिशिष्ट तशी काढू देत नाही. ते आकड्यांच्या व्यस्तांची बेरीज करून साताला तिनं भागायला लावतं: हरात्मक मध्य. उत्तर येतं ६६. नापास. कारण फुप्फुसात जातं ते गळालेलं, अडवलेलं नव्हे. सहा मिनिटांचं कौतुक सातव्या मिनिटात आत शिरलेली धूळ बाहेर काढत नाही. गळतीची सरासरी काढायची असेल तर गणितही गळतीच्या बाजूनं मांडायला हवं, हे इतक्या साध्या सूत्रात बसवलेलं पाहून मला दर वेळी बरं वाटतं.

त्यावर आणखी एक पायरी. परीक्षेत शंभर मागतात, पण अशा अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कवर कामाच्या जागी दहापटच भरवसा ठेवावा असं नियम सांगतो. संपूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्ककडून यंत्रावर पाचशे मागतात आणि पन्नास जमा धरतात. मधली दहापट वजावट कशाची, तर घामाची, घाईची, संध्याकाळच्या थकव्याची आणि परीक्षा-खोली म्हणजे कारखाना नव्हे या जाणिवेची.

या लेखनातही खोट आहे, आणि ती चेहऱ्याच्या कल्पनेत आहे. कड आणि कातडी यांच्यामध्ये दाढीचे खुंट, मिशी किंवा कल्ले येत असतील तर परीक्षा घ्यायचीच नाही, असा नियम. शास्त्र म्हणून बरोबर. केसांतून हवा जाते. पण ज्याची दाढी श्रद्धेची आहे त्यानं काय करायचं, याला परिशिष्टाकडे उत्तर नाही. त्याला यंत्रानं हवा पुरवणारं सैल टोपडं घ्यावं लागतं, जे महाग असतं आणि ज्याला फिट टेस्ट लागत नाही. २०२० साली ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी दाढीवर हनुवटीखालून ताणून बांधायच्या ठाठाच्या पट्टीवर मास्क लावून पाहिला. त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार २७ पैकी २५ जण साध्या परीक्षेत पास झाले. दाढी नीट बसवायला शीख पुरुष पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेली ही पट्टी. ती काम करते की नाही हे सांगायला परिशिष्टातलीच परीक्षा उपयोगी पडली, हे त्या परीक्षेच्या बाजूनं बोलतं.

मास्कच्या मापांचीही हीच कथा. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत मास्क तपासण्यासाठी २५ चेहऱ्यांचा संच ठरवला गेला, तो अमेरिकी हवाई दलाच्या १९६७-६८ च्या मोजमापांवरून. तरुण, कमावलेल्या शरीराचे सैनिक. मास्क मात्र घालत होत्या प्रौढ नर्सेस आणि सगळ्या वंशांचे मजूर. २००३ साली नायोशनं ३,९९७ कामगारांचे चेहरे नव्यानं मोजले तेव्हा जुना संच अपुरा असल्याचं दिसलं. तेही अमेरिकी चेहरेच. परिशिष्टाची पहिली ओळ, पुरेशा प्रकारांतून निवडू द्या ही, बाजारात पुरेशी मापंच नसतील तिथे कोरडी पडते.

एकदा पास झालेला माणूस कायमचा पास नसतो, हेही नियमाला ठाऊक आहे. दर वर्षी परीक्षा पुन्हा. मास्कचा प्रकार बदलला तर पुन्हा. चेहऱ्यावर व्रण आला, दातांमध्ये बदल झाला, प्लास्टिक सर्जरी झाली, वजन डोळ्यांत भरण्याइतकं वाढलं किंवा घटलं, तर पुन्हा. दाढा काढल्यावर गाल आत जातात, कवळी बसवल्यावर बाहेर येतात, आणि मास्कची कड ते दातांच्या डॉक्टरइतक्याच बारकाईनं जाणते.

२०१९ साली ओशानं यंत्रावरच्या परीक्षेची एक जलद आवृत्ती मान्य केली. सात मिनिटांवरून अडीच मिनिटांवर. एन-९५ सारख्या मास्कसाठी आता चारच हालचाली: वाकणं, बोलणं, मान डावी-उजवी, मान वर-खाली. तुलनात्मक चाचण्यांत ही संक्षिप्त परीक्षा जुनीच्या तोडीची ठरली म्हणूनच ती मान्य झाली, आणि हजारो नर्सेसची रांग लागलेल्या इस्पितळात वाचलेली चार-साडेचार मिनिटं थोडी नसतात. हे सगळं मान्य. पण संपादकानं उडवलं काय, तर दोन्ही साधे श्वास, खोल श्वास आणि वाकुल्या. म्हणजे सुटलेला मास्क परत बसतो का, हा जुन्या संहितेतला सगळ्यात धारदार प्रश्न. रबरी मास्कच्या जलद आवृत्तीत तर बोलणंही गेलं, त्याजागी जागच्या जागी धावणं आलं. एन-९५ वाल्यांना बोलायला तीस सेकंद ठेवली आहेत. तेवढ्यात संथपणे वाचणारा बहुधा इंद्रधनुष्याच्या कमानीपर्यंत पोचतो. सोन्याचा हंडा राहूनच जातो. जुनी आवृत्ती रद्द झालेली नाही, दोन्ही चालतात. ज्याला वेळ आहे त्यानं जुनीच घ्यावी.